बसमधला फोम, रेक्झिन आणि आग: नाशिकच्या अपघातानंतर मागे पडलेला प्रश्न

८ ऑक्टोबर २०२२. पहाटे सव्वापाचची वेळ. यवतमाळहून मुंबईकडे निघालेली खासगी स्लीपर बस नाशिकमध्ये, तेव्हाच्या औरंगाबाद रोडवर, नांदूर नाक्याजवळच्या मिरची हॉटेल चौकात एका ट्रेलरला धडकली. काही क्षणांत बसने पेट घेतला. बहुतेक प्रवासी झोपेत होते. १२ जणांचा मृत्यू झाला आणि अनेक जण भाजले. आग विझली तेव्हा रस्त्यावर उरला होता तो फक्त लोखंडी सांगाडा.

त्यानंतरची चर्चा चौकाची रचना, गाडीचा वेग आणि जादा प्रवासी यांभोवती फिरली. ती व्हायलाच हवी होती. पण नऊ महिन्यांनी, १ जुलै २०२३च्या मध्यरात्रीनंतर, समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला जाणारी बस उलटली, पेटली आणि २५ प्रवासी दगावले. ऑक्टोबर २०२५ मध्ये दहा दिवसांच्या अंतराने राजस्थानात जैसलमेरजवळ आणि आंध्र प्रदेशात कुर्नूलजवळ अशाच दोन बस जळाल्या. या दोन घटनांत मिळून किमान ४० जणांचा जीव गेला.

आग लागण्याचं कारण दरवेळी वेगळं असतं. कुठे ट्रेलर, कुठे दुभाजक, कुठे बसखाली फरफटत गेलेली मोटारसायकल. शेवटी उरणारा सांगाडा मात्र सगळीकडे सारखाच दिसतो. लोखंड उरलं, मग जळलं काय?

डिझेल पेटलं, हे उत्तर अर्धवट आहे.

डिझेलनंतर काय जळतं?

स्लीपर बसच्या आत एकदा नजर फिरवा. सीट आणि बर्थमध्ये पॉलियुरेथेनचा फोम, त्यावर रेक्झिन, बाजूला एबीएस किंवा फायबरचे पॅनेल, छताला लॅमिनेट, खाली व्हिनाइलची फरशी, प्रत्येक बर्थला पॉलिएस्टरचा पडदा. वर ब्लँकेट, उशा आणि प्रवाशांच्या बॅगा. यातली जवळपास प्रत्येक वस्तू खनिज तेलापासून बनलेली. एक किलो पॉलिप्रॉपिलीन जाळलं, तर साधारण एक किलो डिझेलइतकीच उष्णता निघते. सुक्या लाकडाच्या तुलनेत ती अडीचपट भरते. फोमची उष्णता वजनाला यापेक्षा कमी असली, तरी त्याच्या प्रत्येक छिद्रात हवा असते. इंधन आणि ऑक्सिजन एकाच ठिकाणी तयार, त्यामुळे तो झपाट्याने पेटतो.

प्लास्टिकमध्ये किती इंधन साठलेलं असतं, हे नाशिक जिल्ह्याने दुसऱ्या प्रसंगातही पाहिलं आहे. इगतपुरी तालुक्यातल्या मुंढेगाव इथल्या पॉलिएस्टर फिल्मच्या कारखान्यात १ जानेवारी २०२३ला मोठी आग लागली आणि मे २०२५ मध्ये पुन्हा लागली. दुसऱ्या वेळची आग अनेक दिवस धुमसत होती.

बसमध्ये मात्र अनेक दिवसांचा प्रश्न नसतो. तिथे हिशोब दोन-तीन मिनिटांचा असतो, आणि माणूस बहुतेक वेळा आधी ज्वाळेने नाही, धुराने पडतो. जळणाऱ्या पॉलियुरेथेनमधून कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही निघतो. त्याच्या थोड्या श्वासांतच माणूस गोंधळतो, पाय लटपटतात, समोरचं दार दिसेनासं होतं.

मग प्लास्टिकला पेटण्यापासून रोखता येतं का?

येतं, काही प्रमाणात. त्यासाठी प्लास्टिक पेटतं कसं, हे आधी पाहावं लागेल. घन प्लास्टिक स्वतः जळत नाही. उष्णतेने, साधारण ३०० ते ४०० अंश सेल्सिअसला, त्याच्या लांबलचक साखळ्या तुटतात आणि ज्वालाग्राही वायू बाहेर पडतात. जळतात ते हे वायू. त्यांच्या ज्वाळेची उष्णता खालच्या प्लास्टिकला आणखी तापवते, त्यातून आणखी वायू निघतात. हे चक्र एकदा सुरू झालं की आगीला बाहेरच्या मदतीची गरज उरत नाही. ज्वालारोधक, म्हणजे कारखान्यांच्या भाषेत ‘एफआर’, ही या चक्रात कुठेतरी खोडा घालणारी रसायनं आहेत.

चुलीत ओलं लाकूड घातलं तर काय होतं, हे कुणाला सांगायला नको. निम्मी उष्णता पाणी उडवण्यात जाते. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची पांढरी भुकटी प्लास्टिकमध्ये हेच करते. २०० अंशांच्या आसपास ती फुटते आणि तिच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त पाणी वाफ होऊन निघतं. या वाफेमुळे पृष्ठभाग थंड राहतो आणि ज्वालाग्राही वायू विरळ होतात. अडचण अशी की ती थोडी घालून भागत नाही. केबलच्या आवरणात तिचं प्रमाण वजनाच्या ६० टक्क्यांपर्यंत न्यावं लागतं. म्हणजे प्लास्टिक कमी आणि भुकटी जास्त. मग माल जड होतो, कडक होतो, वाकवला की तडकतो.

ब्रोमीनची संयुगं वेगळ्या वाटेने जातात. ती ज्वाळेच्या आत शिरून तिथली रासायनिक साखळी तोडतात. अँटिमनी ट्रायऑक्साइड सोबत असेल तर हे काम आणखी जोरात होतं. थोडक्या डोसात मोठा परिणाम, म्हणून टीव्ही-संगणकांच्या खोक्यांत ब्रोमीन वर्षानुवर्षं लोकप्रिय राहिलं. फॉस्फरसची संयुगं पृष्ठभागावर कोळशाची साय धरतात. काही मिश्रणं तर तापल्यावर भाकरीसारखी फुगतात आणि खालच्या मालावर जाड, काळी गोधडी पांघरतात.

ही कल्पना प्लास्टिकपेक्षा जुनी आहे. १८२१ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-लुसाक यांनी पॅरिसच्या नाट्यगृहांतल्या पडद्यांसाठी अमोनियम फॉस्फेट आणि टाकणखार यांचे लेप सुचवले होते. मेणबत्त्यांच्या उजेडात नाटकं चालत आणि पडदे पेटत. दोनशे वर्षांनंतर टाकणखाराची जागा कारखान्यातल्या मास्टरबॅचने घेतली आहे, पण तत्त्व फारसं बदललेलं नाही.

यातलं कोणतंही रसायन प्लास्टिकला अग्निरोधक करत नाही, ही गोष्ट जाहिरातींत नेहमी गाळली जाते. पुरेशी मोठी आग समोर आली तर एफआर फोमही जळतोच. रसायनाने मिळतो तो वेळ.

कायद्यातली कसोटी नेमकं काय मोजते?

भारतात वाहनांच्या आतल्या साहित्यासाठी आयएस १५०६१ हे मानक आहे. साधारण ३५६ मिलिमीटर लांब आणि १०० मिलिमीटर रुंद पट्टी आडवी धरायची, एका टोकाला १५ सेकंद छोटी ज्योत लावायची आणि आग किती वेगाने सरकते ते मोजायचं. वेग मिनिटाला १०० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. या कसोटीचं मूळ अमेरिकेत सप्टेंबर १९७२ पासून लागू झालेल्या ‘३०२’ या क्रमांकाच्या नियमात आहे. त्या नियमापुढचा शत्रू होता मोटारीच्या सीटवर पडलेली सिगारेट किंवा पेटती काडी.

आता साधा गुणाकार. बर्थची गादी सहा फूट लांब धरली, तर मिनिटाला १०० मिलिमीटर या वेगाने आग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला १८ मिनिटं लागायला हवीत. बस पेटल्याचा एखादा मोबाइल व्हिडिओ पाहिलेल्या कुणालाही हा आकडा हास्यास्पद वाटेल.

फरक येतो तो दिशेमुळे आणि उष्णतेमुळे. आडव्या पट्टीवर ज्वाळ वर जाते आणि पुढचा माल तुलनेने थंड राहतो. तोच माल उभा टांगला, जसा पडदा असतो, तर ज्वाळ स्वतःच वरचा भाग तापवत जाते आणि वेग कित्येक पटींनी वाढतो. शिवाय बंद बसमध्ये तापलेला धूर छताखाली साचतो आणि वरून खालच्या सगळ्या सीट भाजतो. प्रयोगशाळेतली बोटभर ज्योत आणि धडकेनंतर पेटलेली डिझेलची धार यांची तुलनाच होत नाही.

या त्रुटीची किंमत कुणी मोजली, याचं सगळ्यात कटू उदाहरण अमेरिकेतलंच आहे. १४ मे १९८८ रोजी केंटकी राज्यात कॅरोल्टनजवळ एका जुन्या स्कूल बसला चुकीच्या बाजूने आलेल्या पिकअप ट्रकने धडक दिली. बसची पेट्रोल टाकी फुटली. २७ जणांचा मृत्यू झाला, त्यात मुलंच जास्त होती. धडकेच्या माराने त्यातलं कुणीही गेलं नाही. सगळे आगीने आणि धुराने गेले. पुढचं दार धडकेत निकामी झालं होतं, मागच्या दाराशी गर्दी झाली आणि फोमच्या सीट धूर ओकत राहिल्या. त्या अपघातानंतर तिथल्या स्कूल बसमध्ये बाहेर पडण्याच्या वाटा वाढल्या, टाकीभोवतीचं संरक्षण वाढलं. सीटच्या कसोटीचा ‘३०२’ नियम मात्र मुळात तसाच राहिला.

युरोप थोडा पुढे गेला. २००८ मध्ये जर्मनीत हॅनोव्हरजवळ प्रवासी बस पेटून २० जण गेले आणि तिथल्या चर्चेला धार आली. संयुक्त राष्ट्रांच्या ‘आर ११८’ या नियमात आडव्या कसोटीबरोबर साहित्य वितळून पेटते थेंब गळतात का, आणि उभं टांगल्यावर आग किती वेगाने चढते, हेही तपासलं जातं. रेल्वेची पट्टी याहून वरची आहे. युरोपातल्या रेल्वे डब्यांच्या मानकात किती उष्णता निघते, धूर किती दाट होतो, त्यात विषारी वायू किती, हे सगळं मोजावं लागतं. भारतीय रेल्वेनेही डब्यातल्या सीट, पडदे आणि पॅनेलसाठी एफआर साहित्याच्या अटी टप्प्याटप्प्याने कडक केल्या. तरी जानेवारी २०१४ मध्ये डहाणूजवळ डेहराडून एक्स्प्रेसचे डबे पेटून नऊ प्रवासी गेलेच. ज्या प्रवाशाला रेल्वेचं तिकीट मिळत नाही तोच रात्री स्लीपर बसच्या बर्थवर आडवा होतो. त्याच्या अंगाखालच्या गादीला मात्र वेगळा नियम लागू होतो, आणि त्याला ते ठाऊक नसतं.

अंबडच्या स्विचगिअरला जमतं ते

ज्या शहरात ही बस जळाली तिथे आग सहन करणाऱ्या प्लास्टिकचं ज्ञान नवं नाही. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत वीज वितरणाची पॅनेल आणि स्विचगिअर बनतात, त्यांना सुटे भाग पुरवणारी मोल्डिंगची युनिट्स आहेत. या व्यवसायात एफआर दाणा हा रोजचा शब्द.

घरातल्या एमसीबीचंच घ्या. विजेचा प्रवाह वाहणारे भाग ज्या प्लास्टिकमध्ये बसवलेले असतात, त्याला ९६० अंशांवर लाल तापवलेली तार ३० सेकंद टेकवून पाहतात. तार काढल्यावर ३० सेकंदांत ज्वाळ विझली पाहिजे, आणि गळणाऱ्या थेंबांनी खाली ठेवलेला पातळ कागद पेटता कामा नये. तळहातावर मावेल एवढी वस्तू, आणि तिच्यासाठी एवढी परीक्षा. कारण तिथे ग्राहक कंपन्या नमुने मागतात, चाचणीचा कागद नसेल तर माल परत जातो. बसच्या फोमला असा खमका ग्राहक मिळत नाही. प्रवासी तिकीट घेताना एसी आहे का, चार्जिंग पॉइंट आहे का, एवढंच विचारतो. त्यात त्याची चूकही नाही.

टेस्ट पास होण्यापुरता डोस

एफआर घातलं की काम झालं, असंही नाही. १९८८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने, दोन खोल्या सजवल्या. दोन्हींत टीव्हीचं खोकं, खुर्ची, केबल अशा सारख्याच वस्तू होत्या. एकीत ज्वालारोधक घातलेल्या, दुसरीत साध्या. एफआर खोलीत माणसाला सुटकेसाठी मिळणारा वेळ १५ पटींहून जास्त निघाला आणि बाहेर पडलेली उष्णता एक चतुर्थांश. हा आकडा पुढे रसायन उद्योगाने प्रत्येक सोफा आणि गादीच्या समर्थनासाठी वापरला. तेव्हा अभ्यासाचे प्रमुख लेखक व्हायटेनिस बाब्रॉस्कस यांनीच आक्षेप घेतला. प्रयोगातल्या वस्तूंत रसायनांचं प्रमाण भरपूर होतं, बाजारातल्या सोफ्यात ते जेमतेम नियमापुरतं असतं, आणि तेवढ्याने खऱ्या आगीत फारसा फरक पडत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

बससाठी हा मुद्दा कळीचा आहे. कसोटी सिगारेटची असेल तर उत्पादक सिगारेटपुरताच डोस घालणार. तो बेकायदा काही करत नाही. फोमवर ‘एफआर’ असा शिक्का येतो, पण प्रवाशाला मिळणारी मिनिटं वाढतात की नाही, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही.

आणि रसायनांचं विष?

भरमसाट रसायनं ओतणं हाही उपाय नाही. १९७७ मध्ये अमेरिकेत लहान मुलांच्या रात्रीच्या कपड्यांतलं ‘ट्रिस’ नावाचं ब्रोमीनयुक्त ज्वालारोधक कर्करोगाच्या धोक्यामुळे बंद करावं लागलं. पीबीडीई या ब्रोमीनच्याच कुळातल्या रसायनांचे अंश आईच्या दुधापर्यंत पोहोचल्याचं दिसल्यावर स्टॉकहोम कराराखाली त्यांच्यावर २००९ पासून टप्प्याटप्प्याने बंदी आली. भारतातही इलेक्ट्रॉनिक वस्तूंत पीबीडीईचं प्रमाण ०.१ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. जुन्या टीव्ही-संगणकांचं काळं प्लास्टिक भंगारातून वितळून पुन्हा खेळण्यांत आणि स्वयंपाकघरातल्या वस्तूंत येतं, तेव्हा ही रसायनंही सोबत येतात.

बसच्या संदर्भात ब्रोमीनची आणखी एक अडचण आहे. ते ज्वलन अर्धवट ठेवतं, त्यामुळे धूर आणि कार्बन मोनॉक्साइड वाढू शकतात. जिथे माणसं धुरानेच दगावतात, तिथे हा सौदा महागात पडतो. म्हणूनच मेट्रो आणि रेल्वेचा कल ब्रोमीन नसलेल्या, कमी धूर करणाऱ्या साहित्याकडे आहे. तसा फोम जड आणि महाग पडतो. ट्रॅव्हल्सच्या धंद्यात प्रत्येक जादा किलो डिझेलच्या बिलात दिसतो, हे वास्तव नियम करणाऱ्यांनीही धरून चालायला हवं.

घराच्या वायरिंगमध्ये हाच फरक वायरच्या बंडलावर छापलेला सापडतो. साधी ‘एफआर’ वायर आग पसरू देत नाही, ‘एफआर-एलएसएच’ वायर त्याबरोबर धूर आणि आम्लयुक्त वायूही कमी सोडते. दुकानदार सहसा स्वतःहून हे सांगत नाही.

नाशिकच्या बसमध्ये चांगला फोम असता तर?

१२ जण वाचले असते, असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. धडकेनंतर भडकलेली आग सीटमधल्या रसायनाने विझत नाही. प्राधान्य लावायचं तर इंधनाची टाकी आणि विजेची वायरिंग आधी, आपत्कालीन दारं आणि फोडता येणाऱ्या काचा त्यानंतर, आणि मग साहित्य. सिंदखेडराजाला बस दाराच्या बाजूवर उलटली आणि बाहेर पडायची वाटच बंद झाली. तिथे फोमचा दर्जा दुय्यम ठरतो. पण वाट उघडी असेल आणि झोपेतून उठून तिथवर पोहोचायला ४० सेकंद लागणार असतील, तर ते ४० सेकंद आत श्वास घेता येईल का, हे साहित्यावर ठरतं.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयालाही हे मान्य आहे. २७ जानेवारी २०२२ला, म्हणजे नाशिकच्या अपघाताच्या आठ महिने आधी, लांब पल्ल्याच्या बस आणि स्कूल बसच्या प्रवासी कक्षात आगीची सूचना देणारी आणि आग आटोक्यात ठेवणारी यंत्रणा बसवण्याची अधिसूचना निघाली. पाण्याच्या बारीक फवाऱ्याने कक्षातलं तापमान ५० अंशांच्या आत ठेवायचं, म्हणजे प्रवाशांना बाहेर पडायला वेळ मिळेल, अशी त्यामागची कल्पना. मात्र असे नियम नव्याने बनणाऱ्या गाड्यांना लागू होतात. रस्त्यावर आधीपासून धावणाऱ्या हजारो बस तशाच राहतात.

खरी गळती सुरू होते ती बस रस्त्यावर आल्यानंतर. बांधणीच्या वेळी मान्यतेसाठी दाखवलेला फोम आणि पाच वर्षांनी बसमध्ये असलेला फोम एकच असेल, याची खात्री कुणी देत नाही. सीट फाटतात, गाद्या बसतात, पडदे मळतात. मालक जवळच्या दुकानातून नवं रेक्झिन चढवून घेतो, छताला रंगीत एलईडी पट्ट्या लावतो, फरशीवर गालिचा टाकतो. पडद्यावर नुसता क्षारांचा लेप दिलेला असेल, तर तो काही धुण्यांतच निघून जातो. एफआर फोम आणि साधा फोम डोळ्यांना सारखेच दिसतात, हाताला सारखेच लागतात.

नव्या व्यावसायिक वाहनाची फिटनेस तपासणी पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी होते, त्यानंतर दरवर्षी. ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, धूर, हे सगळं त्यात येतं. गादीचा तुकडा कापून तपासणं त्यात येत नाही. बदललेल्या फोमसाठी आयएस १५०६१च्या चाचणीचा कागद पुरवठादाराकडून घेऊन गाडीच्या कागदपत्रांत ठेवायला लावणं अवघड नाही. अशी चाचणी करणाऱ्या एआरएआय आणि सीआयआरटी या दोन्ही संस्था पुण्यातच आहेत, आणि नमुना लागतो तो जेमतेम सव्वा फुटाच्या पट्टीचा.